आर्थर लिडियार्ड कोण होते? (लांब पल्ल्याच्या धावकांसाठी)

पर्वतीकर: आमच्या क्लबात मॅरेथॉनची तयारी सुरू झालीय. सर म्हणतात, आधी काही आठवडे नुसतं सावकाश आणि लांब पळा, ट्रॅकचं नाव काढू नका. ही पद्धत न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचे प्रशिक्षक लिडियार्ड यांची म्हणे. ऑकलंडचं कुणी आहे का इथे? या माणसाबद्दल सांगा ना.

ऑकलंडकर: पर्वतीकर, तुमच्या सरांना माझा नमस्कार सांगा. लिडियार्ड बुटांच्या कारखान्यात काम करायचे, पहाटे घरोघर दूधही टाकायचे. क्लबमधल्या एका मित्राबरोबर पाच मैल पळताना त्यांना इतकी धाप लागली, की स्वतःच्या तब्येतीची काळजी वाटू लागली. तिथून पुढे कित्येक वर्षं त्यांनी सगळे प्रयोग स्वतःच्याच शरीरावर केले. किती पळलं की माणूस मोडतो आणि किती पळलं की तयार होतो, हे पायांनी शोधलं. 1953 आणि 1955 मध्ये न्यूझीलंडची राष्ट्रीय मॅरेथॉन जिंकली.

मग ओवायराका क्लबची पोरं त्यांच्यामागे पळू लागली. रविवारचा फेरा 35 किलोमीटरचा, वायटाकरे डोंगरातून. तो रस्ता मी पळतो. टिटिरंगीनंतर चढ संपता संपत नाही, दोन्ही बाजूंना झाडाएवढे नेचे (फर्न), आणि वायाटारुआहून खाली उतरताना मांड्या अशा भरून येतात की घरचा जिना नकोसा होतो.

2 सप्टेंबर 1960, रोम ऑलिंपिक. पीटर स्नेलने 800 मीटरचं सुवर्ण घेतलं आणि त्याच दिवशी थोड्या वेळाने मरी हॅलबर्गने 5000 मीटरचं. हॅलबर्गचा डावा हात रग्बीतल्या दुखापतीने निकामी झाला होता. पुढे बॅरी मॅगीला मॅरेथॉनमध्ये कांस्य, इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने जिंकलेल्या शर्यतीत. तिघेही लिडियार्डच्या हाताखालचे! मला तर अजूनही हे वाचताना भरून येतं.

तळजाईचा पळपुट्या: 800 मीटरवाल्याला 35 किलोमीटर कशाला? वेग मरत नाही का?

ऑकलंडकर: नाही मरत. डिसेंबर 1961 मध्ये स्नेलने अख्खी मॅरेथॉन पळून काढली, 2 तास 41 मिनिटांत. पुढच्याच महिन्यात वांगानुईला एक मैलाचा विश्वविक्रम, 3:54.4, तोही गवताच्या ट्रॅकवर. पण लोक लिडियार्डच्या पद्धतीतले नेमके आठवड्याचे 160 किलोमीटर तेवढे उचलतात आणि पहिल्याच महिन्यात गुडघे धरून बसतात. शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत, हा लिडियार्डचा वेग होता. अशा सावकाश लांब पळण्याने पाया पक्का झाल्यावर चढ, मग ट्रॅक, आणि शर्यतीच्या तोंडावर ताजेपणा.

2004 मध्ये ते अमेरिकेत वारले, व्याख्यानांच्या दौऱ्यावर असताना. वय 87.

पर्वतीकर: दादा, मनापासून आभार. उद्या सरांना वाचून दाखवतो. चढासाठी पर्वतीच्या पायऱ्या चालतील?

ऑकलंडकर: पायऱ्यांपेक्षा मातीचा लांब चढ बघा, तळजाईकडचा. पण पाया झाल्यावरच हं.