मदत हवी आहे: १९१० च्या पद्धतीचं उलटं करायचं मागचं चाक

१९१० मध्ये टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत पहिल्यांदा पिरेनीज पर्वतातल्या तूरमाले घाटावर गेली तेव्हा डिरेलर (चालता चालता गिअर बदलणारी यंत्रणा) नव्हते. स्पर्धेत ते थेट १९३७ ला चालू झाले. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दातांच्या चकत्या असत. चढ आला की सायकलवरून उतरायचं, चाक उलटं बसवायचं, पुढे निघायचं. त्यात लुशाँ ते बायोन टप्पा ३२६ किमीचा! शर्यतीतला सायकलपटू लापीझ आयोजकांना खुनी म्हणाला, ते उगीच नाही.

हाच प्रकार जुन्या काळ्या रोडस्टर सायकलवर करतोय. दोन्हीकडे आटे असलेला हब (चाकाचा मधला तुंबा) मिळाला. पुढे ४४ दात, मागे एकीकडे १६, दुसरीकडे २२. चेन २२ ला बेतली तर १६ वर लोंबते, १६ ला बेतली तर २२ वर चढतच नाही. अॅक्सल खाचेत जेमतेम १५ मिमी सरकतो. हाफ लिंक (चेनची अर्धी कडी) लावून पाहिली, एका बाजूचं जमलं की दुसरीचं बिघडतं. टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) नकोय (मग मजा काय राहिली?), वाटेत चेन तोडायची नाही. मागचा ब्रेक काढलाय, पुढचा शाबूत आहे.

हिशेबाने ४ दातांचा फरक १३ मिमीत बसतो. प्रत्यक्ष कोणी चालवलंय का? कात्रजच्या जुन्या घाटासाठी १८-२२ घ्यावं की १६-२०?