मदत हवी आहे: ड्वार्फ लायनफिश काहीच खात नाहीये

खारंपाणी_कोथरूड
खाऱ्या पाण्याच्या टाकीत हा मासा आणून नऊ दिवस झाले. दुकानदार म्हणाला होता, 'काहीही खातो, दोन दिवसांत रुळेल.' रोज पेलेट टाकतोय, सगळे तळाशी सडतात. हा दिवसभर खडकाखाली उलटा चिकटून. पाणी बदललं, सॅलिनिटी (खारेपणा) बघितली, सगळं ठीक आहे. खायला कसं लावू? लवकर सांगा, मरेल तो.

प्रवाळवेडी
टाकी किती लिटरची? ड्वार्फमधला फजी जातीचा की झेब्रा? सोबत कोण आहे? अमोनिया, नायट्राइटचे आकडे द्या, 'सगळं ठीक'वरून काही कळत नाही.

बाणेर_टँक
जिवंत मासे सोडा, रात्रीत फस्त करेल. माझा लायन दीड वर्ष गोल्डफिशवर होता.

मीठभाकर
गोल्डफिश अजिबात नको! त्यात थायामिनेज नावाचं एन्झाइम असतं, ते ब१ जीवनसत्त्व मोडून टाकतं. गोड्या पाण्यातल्या माशांची चरबीही याला सोसत नाही. दीड वर्षानंतर तुमचा मासा कशाने गेला?

बाणेर_टँक
रात्रभर लाइट नव्हती, एअरपंप बंद पडला. खाण्याचा काही संबंध नाही. आधी बॅटरीवरचा पंप घ्या, हे मी प्रत्येकाला सांगतो.

हडपसर_रीफ
आणि पाणी थंड ठेवणारा चिलर! एप्रिल-मेमध्ये पुण्यात पाणी सहज ३० अंशांच्या वर जातं. नुसता पंखा लावलात तर पाणी उडून सॅलिनिटी चढते, रोज आरओचं पाणी घालत बसावं लागतं. शिवाय लायनफिश दीड फुटाचा होतो. परत करा.

प्रवाळवेडी
दीड फुटाचा होतो तो व्होलिटान्स, मोठ्या जातीचा लायनफिश. फजी साधारण १५ सेंटीमीटरवर थांबतो. दोघांना एका मापाने मोजू नका.

खारंपाणी_कोथरूड
चिलर आहे हो! माझा प्रश्न खाण्याचा आहे. टाकी १२० लिटर. अमोनिया, नायट्राइट शून्य, नायट्रेट १०. मासा फजी, पुढचे फिन हातपंख्यासारखे. सोबत फक्त क्लाउनफिशची जोडी. म्हणजे आता एकच, दुसरा मागच्या आठवड्यात गायब झाला, बॉडीही मिळाली नाही. क्लीनर श्रिंप (कोळंबी) पण दिसत नाही, कात टाकायला लपली असेल.

प्रवाळवेडी
दादा, श्रिंप लपलेली नाही. तुमचा मासा जेवतोय. दिवसा दगडाखाली बसतो आणि अंधार पडला की शिकार करतो. तोंडात मावेल ते सगळं गिळतो. दिवे गेल्यावर बाजूने टॉर्च मारून पोट बघा.

खारंपाणी_कोथरूड
बघितलं. पोट टम्म आहे, एका बाजूला टेंगूळ. क्लाउन मुलीचा होता, तीन वर्षांचा. दुकानात कुणी हे सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. उरलेल्याचं काय करू?

प्रवाळवेडी
क्लाउनला आजच दुसऱ्या टाकीत हलवा. लायन वाईट मासा नाही, पोवळ्यांना हातही लावत नाही. पण छोटे मासे आणि कोळंब्या यांच्यासोबत ठेवायचा मासाच नव्हे तो. लायनला चार दिवस काही घालू नका. मग तिन्हीसांजेला बोथट काडीच्या टोकाला सोललेल्या कोळंबीचा तुकडा अडकवून तोंडासमोर हलवत राहा. हललं नाही तर त्याला ते अन्न वाटतच नाही.

मीठभाकर
कोळंबी गणेश पेठेतून ताजी आणून फ्रीझ करा. पण नुसती कोळंबीच नको, मधूनमधून माशाचा तुकडाही द्या.

सिंहगडरोड_सॉल्टी
तुमच्या घरात मुलगी आहे म्हणून सांगते. लायनच्या पाठीवर १३ विषारी काटे, खालच्या फिनमध्येही आहेत. काच पुसताना मला बोटाला लागला होता. तासाभरात कोपरापर्यंत ठणका, अंगठी कापून काढावी लागली. बर्फ लावू नका. सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४२-४५ अंश, अर्धा ते दीड तास हात बुडवा. उष्णतेने ते विष निकामी होतं. पाणी आधी दुसऱ्या हाताने बघा, दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. दम लागला, चक्कर आली तर सरळ हॉस्पिटल. मेलेल्या माशालाही नुसता हात लावू नका.

बाणेर_टँक
काडीने खात नाहीत हे मासे. मॉली हा छोटा मासा हळूहळू खाऱ्या पाण्यात रुळवून जिवंत सोडा, तिला थायामिनेजची भानगड नाही.

मीठभाकर
मॉलीची सवय लागली की काडीकडे बघत नाही. माझे दोन असेच अडकले होते.

खारंपाणी_कोथरूड
क्लाउन मित्राच्या टाकीत सोडला. टाकीला झाकण आणि कुलूप लावलंय. पाच दिवसांनी आज काडी धरली. बराच वेळ नुसता बघत होता, मग फिन पसरून हळूहळू पुढे आला. तुकडा घेतला, थुंकला, परत घेतला. दुसऱ्यांदा गिळला.