वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा: सरकारने पैसा वाडीवर लावावा की समूहशाळेवर?

रानवाट
२०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण आयुक्तालयाने २० पेक्षा कमी मुलं पटावर असलेल्या शाळांसाठी समूहशाळांचे, म्हणजे आसपासच्या छोट्या शाळा मिळून एक मोठी शाळा करण्याचे, प्रस्ताव मागवले. अशा शाळा तेव्हा १४,७८३ होत्या, मुलं १ लाख ८५ हजारांवर. पट घसरला की हा विषय पुन्हा निघतोच. माझं मत: या शाळा मोडू नयेत. धनगरवाड्यावर, आदिवासी पाड्यावर सरकार पोचलेलं दिसतं ते बहुतेक वेळा शाळेच्याच रूपात. राज्याच्या २०११ च्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत हवी असं आहे. हा हक्क त्या एकेका मुलाचा आहे, शेजारी आणखी किती मुलं राहतात त्यावर तो ठरत नाही.

आणि मदतीचं गणित बघा. समग्र शिक्षा या केंद्राच्या योजनेतलं संयुक्त शाळा अनुदान, म्हणजे शाळेच्या वर्षभराच्या खर्चाचे पैसे, पटावर ठरतं. ३० मुलांपर्यंत वर्षाला १०,००० रुपये. वीजबिल, खडू, डागडुजी, स्वच्छतागृह, सगळं त्यातच. पावसात १५ मुलांच्या शाळेचं छप्परही तेवढंच गळतं.

द्विशिक्षकी
मी अशाच शाळेवर आहे, आणि तरीही समूहशाळेच्या बाजूने आहे. पहिली ते चौथी एकाच खोलीत. पहिलीला अक्षरं गिरवायला देऊन चौथीचा भागाकार घ्यावा, तर तो फळ्यावर पुरा व्हायच्या आत पहिलीची पोरं उठलेली असतात. जोडीदार निवडणुकीच्या कामावर गेला की आहाराचा तांदूळ मोजून देणं आणि ऑनलाइन माहिती भरणंही माझ्याकडे. चौथीत एकच मुलगी आहे, हुशार आहे. तिच्याबरोबर वाचायला, तिची चूक काढायला, तिच्याशी भांडायला कुणी नाही. पानशेतला आसपासच्या छोट्या शाळांची मुलं बसने एकत्र आणली. प्रत्येक इयत्तेला स्वतंत्र शिक्षक मिळणं हा गरिबाच्या मुलाचा हक्क नाही का?

माळरान
गाडीचं काय ते आधी बोला. नियमात वाहतूक भत्ता मुलामागे वर्षाला ६,००० रुपयांपर्यंत आहे. आमच्या भागात तो पालकांच्या हाती पडेपर्यंत वर्ष सरत आलेलं असतं. जीपवाला तोवर उधारीवर पोरं नेत नाही. पावसाळ्यात ओढा भरला की सहा वर्षांच्या पोरीला पलीकडे कोण सोडणार? मुलगे कसेबसे जातात. मुली घरी राहतात, धाकट्याला सांभाळायला. शाळा दूर गेली की आधी गळते ती मुलगी.

करदाता_ठाणे
त्याच आकडेवारीत या शाळांवर २९,७०७ शिक्षक होते, म्हणजे ६ मुलांमागे १. वंचित मुलं फक्त डोंगरात राहतात का? शहरातल्या झोपडपट्टीत एकेका वर्गात किती पोरं कोंबलेली असतात ते येऊन बघा. पैसा मर्यादित आहे, तो जास्त मुलांपर्यंत जाईल असाच लावायला हवा.

रानवाट
@करदाता_ठाणे, सरासरी काढून चालत नाही. ६० मुलांपर्यंत २ शिक्षक हे शिक्षणहक्क कायद्यातलं किमान आहे, आणि इयत्ता चार. झोपडपट्टीतल्या शाळेला जास्त शिक्षक द्यायलाच हवेत, पण ते पाड्यावरचे काढून का?
माझी मागणी अशी: अनुदानाला पटाशी न बांधलेली एक किमान रक्कम ठरवा, अशैक्षणिक कामं काढून घ्या, आठवड्यातून एक दिवस मुलांना केंद्रशाळेत, म्हणजे परिसरातल्या शाळांच्या मुख्य शाळेत, एकत्र आणा. चौथीपर्यंत वाडीवर, पुढे हवी तर समूहशाळा.

द्विशिक्षकी
कामं काढून घ्या हे अगदी मान्य. पण वाचायला, हिशेब करायला मूल शिकतं ते पहिल्या चार वर्षांतच. ती कच्ची गेली तर पाचवीत बस पाठवून काय उपयोग? भत्ता पालकांना देऊच नका. गाडी शाळेने ठरवावी, गाडीत गावातली एक बाई सोबतीला असावी, आणि जून ते सप्टेंबर ती नीट चालली तरच वाडीवरची शाळा हलवावी.

माळरान
ही अट शासन निर्णयात लिहून द्या, आणि गाडी बंद पडली तर वाडीवरचा वर्ग दुसऱ्या दिवशी सुरू होईल हेही लिहा. तेवढं असेल तर आमची शाळा व्यवस्थापन समिती चर्चेला बसेल. आत्ता आमच्यापुढे फक्त जवळच्या शाळेचं नाव ठेवतात आणि सही मागतात.