'लिंगपुष्टी' की आणखी काही?

भाषांतरजीवी (मिरज): इथल्या एका दवाखान्याचं माहितीपत्रक मराठीत करतेय. ट्रान्स माणसं शरीर मनाशी जुळावं म्हणून जी ऑपरेशनं करून घेतात, त्यांना हल्ली 'जेंडर अफर्मिंग सर्जरी' म्हणतात. मी लिहिलं 'लिंगपुष्टी शस्त्रक्रिया'. कच्चा मसुदा वाचून शिपाईमामा खुदकन हसले. "मॅडम, ह्ये स्टँडच्या मुतारीत भितीवर लिवलेलं असतंय की!" 'लिंगबदल' सगळ्यांना कळतं, पण ज्यांचं ऑपरेशन होतं ते म्हणतात, बदललं काहीच नाही, आम्ही आधीपासून हेच होतो. परवा छापायला द्यायचंय. मसुदा सोबत जोडलाय.

शुद्धमती: मामा बरोबर आहेत. पुष्टी म्हणजे अंग धरणं. हृष्टपुष्ट आठवा. बातमीला 'पुष्टी' हिंदीवाले देतात, आपण दुजोरा देतो. 'लिंगनिश्चिती' घ्या.

पोथीवाला: 'म्हणण्याच्या पुष्ट्यर्थ' काय हिंदी आहे? आमचे आजोबा कोर्टाच्या कागदात लिहायचे.

कृष्णाकाठ: लिंगनिश्चिती? आणि ती सांगली जिल्ह्यात? 2017 ला म्हैसाळला गर्भपात केलेले स्त्रीभ्रूण सापडले ते विसरलात वाटतं. तो शब्द दवाखान्याच्या भिंतीवर दिसला तर लोक 1994 च्या गर्भलिंगनिदानाच्या कायद्याखाली तक्रार करतील.

जत्रेकरी: हिजडा समाजात स्वतःचा शब्द आहे ना, 'निर्वाण'. उगाच संस्कृत कशाला पाडताय?

शुद्धमती: निर्वाण संस्कृत नाही तर काय कानडी आहे?

भाषांतरजीवी: निर्वाण म्हणजे त्या समाजातलं लिंग काढणं. जुन्या रीतीत ते दाईच्या हातचं. भूल देऊन, टाके घालून केलेल्या ऑपरेशनला तो शब्द कसा लावू? आणि पुरुष म्हणून जगणारे छातीचं ऑपरेशन करून घेतात, त्यांचं निर्वाण कसलं?

ओपीडीनंतर: नावावर भांडा, पण ताई, तुमच्या दुसऱ्या पानावर मथळा आहे 'मानसिक विकार तपासणी'. तो आधी काढा. अमेरिकेच्या मानसोपचारवाल्यांनी 2013 मध्येच ह्या अवस्थेच्या नावातला 'विकार' शब्द काढून 'डिस्फोरिया' घेतला. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये मंजूर केलेल्या आणि 2022 पासून लागू झालेल्या यादीत तर ही गोष्ट मानसिक आजारांच्या प्रकरणातूनच बाहेर काढली. आपल्या 2019 च्या कायद्यातही ऑपरेशनच्या आधी आणि नंतर 'समुपदेशन' म्हटलंय. वेड आहे का ते बघा, असं कुठं नाही.

डिस्फोरिया मूळ ग्रीक, वाहायला जड ते. मी पेशंटशी बोलताना 'घुसमट' म्हणतो. ऑपरेशननंतर बऱ्याच जणांची घुसमट कमी होते. पण घरातलं कुणी बोलत नाही, भाड्यानं खोली मिळत नाही, ही दुखणी सुरीनं जात नाहीत. शिवाय कुठल्याही मोठ्या ऑपरेशननंतर काही दिवस मन बसतं. तेही लिहा, नाहीतर माणसाला वाटतं आपलं चुकलंच.

शुद्धमती: घुसमट दम्याची असते. परिभाषा म्हणून ढिसाळ.

विश्रामबागची: मी ट्रान्स बाई आहे, सांगलीचीच. ऑपरेशनला मानसोपचारतज्ज्ञाची चिठ्ठी लागते. पूर्वी दोन मागायचे, 2022 च्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत सज्ञान माणसाला एक पुरे. तर चिठ्ठीसाठी मी एका मोठ्या शहरात गेलो. तासभर बोललो. शेवटी मॅडम चष्मा काढून म्हणाल्या, "तुम्ही स्वतःला बाई म्हणवता आणि 'मी आलो, मी जेवलो' असं का बोलता? मनातून खात्री नाही का?" फाइलवर तसं पेन्सिलीनं लिहिलंही. मी म्हटलं, मॅडम, माझी आई 'मी जातो' म्हणते, मावशी म्हणते, शेजारची शाळेत जाणारी पोरगी म्हणते. आमच्याकडं बाई अशीच बोलते. त्यांना वाटलं मी सारवासारव करतोय. पुढची तारीख दीड महिन्यानं. त्या दीड महिन्यात आरशासमोर 'मी आले, मी जेवले' घोकलं. पुरुषासारखं बोलू नको म्हणून आयुष्यात पहिल्यांदा सराव केला, तोही आईची बोली सोडून. आई म्हणाली, "काय गं, पुण्याची झालीस?"

कृष्णाकाठ: हे कानडीमुळं. कानडीत 'मी आलो-आले' असा भेदच नाही, 'नानु बंदे' दोघांनाही.

पोथीवाला: सगळं कानडीवर ढकलायची फॅशन आहे. ही शेतात राबणाऱ्या बायकांची ऐट आहे, व्याकरण नव्हे.

जत्रेकरी: आणि ही बोली कोल्हापूरची. सांगलीकर उगाच हक्क सांगतात.

कऱ्हाडी: आमची आत्या कराडची, ती पण 'आलो'च म्हणते. ती काय कोल्हापूरला शिकायला होती?

शुद्धमती: प्रमाण मराठीत ते चूकच. पण मॅडमनी चिठ्ठी अडवायला नको होती, एवढं मान्य.

ओपीडीनंतर: पेन्सिलीची गोष्ट वाचून मी माझ्या जुन्या फाइली काढून बसलोय.

भाषांतरजीवी: लोकहो, मथळ्याचं काय? तूर्त 'लिंगभावानुरूप शस्त्रक्रिया' टाकलंय. मामांना वाचायला दिलं, ते 'भावा'पर्यंत पोचलेत आणि विचारतायत, "कुणाचा भाव?" विकाराचा मथळा काढला. घुसमट ठेवलीय.

विश्रामबागची: तेवढं ते दुसरं पान छापायच्या आधी दाखवा. उद्या दुपारी मिरजेला येतो.