ज्युदोचा खुला गट ऑलिंपिकमध्ये परत हवा का?

काळा पट्टा: वजनाची अट नसलेला पुरुषांचा खुला गट 1964, 1972, 1976, 1980 आणि 1984 अशा पाच ऑलिंपिकांत खेळला गेला, मग बंद झाला. तो परत यावा असं माझं मत. आज पुरुषांच्या सात वजनी गटांत सात विजेते निघतात, पण सगळ्यांत भारी कोण ते कळत नाही. जपानची ऑल जपान स्पर्धा वजन न बघता होते. इसाओ ओकानो ऑलिंपिकला 80 किलोच्या गटातला, त्याने ती 1967 आणि 1969 ला मारली. तोशिहिको कोगा तर 71 किलोचा, तरी 1990 ला अंतिम फेरीत पोचला.

तिसरा शिडो: ओकानो आणि कोगा. दर वेळी हीच दोन नावं! ऑलिंपिकच्या खुल्या गटातल्या विजेत्यांची यादी बघा: गेसिंक, रुस्का, उएमुरा, लोरेन्झ, यामाशिता. लोरेन्झ सोडला तर सगळे जड गटातले. रुस्काने 1972 ला 93 किलोवरचा गट आणि खुला गट, दोन्ही नेले. त्याच माणसाच्या गळ्यात दोन पदकं घालायची, तर वेगळा गट हवा कशाला?

काळा पट्टा: लोरेन्झ 'सोडला तर' कसा? 1980 ला 95 किलोखालच्या गटात त्याला कांस्य होतं. खुल्या गटाच्या अंतिम लढतीत त्याने हरवलं पारिसीला, म्हणजे 95 वरच्या गटाच्या विजेत्याला.

गादीकाठ: तुम्ही दोघंही नियम विसरताय. लहान माणसाचं हुकमी शस्त्र होतं पाय धरणं: मोरोते-गारीत दोन्ही पाय ओढायचे, नाहीतर काता-गुरुमात मांडीत हात घालून खांद्यावर घ्यायचं. 2010 पासून पायावर थेट हल्ला बंद झाला, 2013 पासून उभ्याने पायाला हात लावणंच गेलं. उरली गुडघ्यावर बसून मारायची सेओई-नागे, म्हणजे समोरच्याला पाठीवर घेऊन खांद्यावरून फेकणं. ती चालते केव्हा? समोरच्याचं वजन चवड्यांवर आलेलं असेल तेव्हाच. तो टाचांवर बसला, तर तुम्ही गुडघ्यांवर आणि 130 किलो पाठीवर. पुढचं काम त्याचं: गळा आवळण्याचं किंवा उलथवून दाबण्याचं. दाबायला आता 20 सेकंद पुरतात, पूर्वी 30 लागायची.

पकडीचंही तसंच. उंच माणसाचा उजवा हात खांद्यावरून मागच्या कॉलरवर पोचला की तुमची मान खाली जाते. मागे सरकलात, हल्ला केला नाहीत, तर शिडो, म्हणजे पंचाचा दंड. तीन झाले की बाद. म्हणून आधी त्याची उजवी बाही कोपराखाली धरून खाली दाबायची. पण घाईत बोटं बाहीच्या आत गेली, तर त्याचाही शिडो तुम्हालाच.

काळा पट्टा: वाकवून नुसतं धरून ठेवलं तर शिडो मोठ्यालाही बसतो, तेही लिहा की. त्याला लगेच हल्ला करावाच लागतो, आणि तो पुढे आला की वजन चवड्यांवर.

गादीकाठ: बसतो. पण 'लगेच' म्हणजे किती, ते पंच ठरवतो.

तिसरा शिडो: सांघिक स्पर्धेत अशी लहान-मोठ्याची लढत थोडीफार मिळतेच. पुरुषांचे गट तिथे तीन: 73 पर्यंत, 90 पर्यंत आणि 90 वर. म्हणजे 95 किलोच्या माणसासमोर 140 किलोचा येऊ शकतो. पॅरिसला 2024 च्या अंतिम लढतीत 66 किलोचा ऑलिंपिक विजेता हिफुमी आबे 73 मध्ये उतरला आणि फ्रान्सच्या गाबाकडून हरला. एका गटाच्या फरकात ही गत. जागतिक खुली स्पर्धा 2017 ला मराकेशला झाली, ती कोणी जिंकली? सगळ्यांत जड गटातल्या तेदी रीनेरने. कोणाला आश्चर्य वाटलं?

नवा गी: वरची मर्यादा 100 किलो ठेवली तर?

तिसरा शिडो: मग तो खुला कसला?

काळा पट्टा: मर्यादा नको. फक्त या गटात पाय धरायला परवानगी द्या, बाकी नियम आहेत तसेच.

गादीकाठ: परवानगी मोठ्यालाही मिळेल, हे लक्षात आहे ना? 130 किलोचा माणूस मोरोते-गारी घालतो तेव्हा खालचा नुसता पडत नाही, त्याच्यासकट आपटतो.