मदत हवी आहे: घरची जुनी स्टिरिओ, वर्षाला एकच वस्तू बदलायची. सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी,

सांगलीत राहतो. गाण्यातलं मला फार कळतं असं नाही, पण घरात गाणं आहे. आई मिरजेच्या तंबोऱ्यावर शिकलेली, आणि बाबांनी मागे ठेवलेल्या दीडेकशे एलपी. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. गेल्या महिन्यात धूळ झटकून सगळं पुन्हा जोडलं.

आहे ते असं. काकांनी १९८६ साली मस्कतहून आणलेला जपानी बेल्टवाला टर्नटेबल. त्याच सुमाराचा देशी अ‍ॅम्प्लिफायर, पाठीवर २५ अधिक २५ वॉट लिहिलंय आणि फोनोचं वेगळं सॉकेट आहे. आठ इंची वूफरचे दोन जड लाकडी स्पीकर. सीडी प्लेयर माझा, लग्नाच्या वेळचा. खोली ११ बाय १३, खाली मोझेक फरशी. स्पीकर शोकेसमध्ये टीव्हीच्या दोन बाजूंना कोंबलेत, टर्नटेबल शोकेसच्या डोक्यावर.

तक्रार अशी की गाण्यात ‘स’ किंवा ‘श’ आला की तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखं चरचरतं. रेकॉर्डची बाजू संपत आली, म्हणजे पिन लेबलाजवळ पोचली, की ताना फाटतात. डग्ग्याचा घुमारा येतच नाही, उजव्या बाजूला तर त्याच्या जागी नुसती फरफर. आईने पाच मिनिटं ऐकलं आणि विचारलं, “बुवांना सर्दी झालीय का?”

पुण्यातल्या एका दुकानात विचारून आलो. त्यांनी फोटोही पाहिले नाहीत. म्हणाले, भंगारात काढा आणि वायरलेस स्पीकरचा जोड घेऊन जा. ते करायचं नाहीये. दर दिवाळीला बोनसमधले वीस हजार यासाठी बाजूला काढू शकतो आणि दर वर्षी एकच वस्तू बदलायची असं ठरवलंय. पहिला मान कुणाला द्यावा? टर्नटेबल, अ‍ॅम्प की स्पीकर?

खर्ज

उगमापासून, म्हणजे टर्नटेबलपासून सुरुवात करा. ग्लासगोच्या लिन कंपनीने १९७०च्या दशकात हाच धोशा लावला होता आणि त्यावर आपला टर्नटेबल जगभर विकला. पिनेने खाचेतून जे उचललंच नाही, ते पुढचा कितीही भारी अ‍ॅम्प कुठून आणणार? लेबलाजवळ फाटतंय म्हणजे पिन घासलेली असणार. आतल्या खाचांत तेवढ्याच वेळाचं गाणं कमी लांबीत बसवलेलं असतं, म्हणून झिजलेली पिन तिथे आधी हात टेकते.

हेडशेल, म्हणजे टर्नटेबलच्या हाताचं टोक, सुटं निघतं का ते बघा. कार्ट्रिज, म्हणजे पिन धरणारा छोटा ठोकळा, त्यावर अर्ध्या इंचावरच्या दोन स्क्रूंनी बसवलेलं असेल तर ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५ई सरळ बसेल. त्याची गंमत अशी की त्याच मालिकेतल्या महागड्या पिना त्याच कार्ट्रिजमध्ये बसतात. यंदा साधी लंबगोल पिन, दोन वर्षांनी ती उपसून मायक्रोलाइन, म्हणजे आणखी बारीक टोकाची. तुमच्या ‘एका वेळी एक’ या हिशेबाला चपखल.

जुनाबाजार

खर्जबुवांशी नेहमीप्रमाणे असहमत. लिनने ते सांगितलं तेव्हा ते टर्नटेबलच विकत होते, एवढं लक्षात असू द्या. साखळीत आवाज सगळ्यात जास्त बिघडवणारी वस्तू म्हणजे स्पीकर. बऱ्यापैकी अ‍ॅम्पची विकृती टक्क्याच्या बारीकशा अंशात असते, स्पीकर खालच्या स्वरांना सहज काही टक्क्यांवर जातो. वीस हजार स्पीकरसाठी ठेवा, कमी पडले तर पुढच्या दिवाळीची वाट बघा आणि व्हार्फडेल डायमंड १२.१सारखं काहीतरी घ्या.

मीठभाकर

दोघेही खिशात हात घालायला लावताय. दादा, आधी रोग कुठे आहे ते बघा, सगळं फुकटात होतं.

एक. त्याच गायकाची सीडी लावा. ‘स’ स्वच्छ आला तर अ‍ॅम्प आणि स्पीकर सुटले, दोष टर्नटेबलकडे.

दोन. अ‍ॅम्प बंद करून मागच्या स्पीकरच्या वायरी डाव्याच्या उजव्याला आणि उजव्याच्या डाव्याला लावा. फरफर उजव्याच खोक्यातून येत राहिली तर खोका आजारी. डावीकडे सरकली तर रोग मागे आहे, अ‍ॅम्पमध्ये किंवा त्याच्याही अलीकडे.

तीन. दोन्ही स्पीकरची जाळी काढा, वायरी अ‍ॅम्पपासून सोडवा, आणि पेन्सिल सेलची अधिक बाजू लाल वायरीला, उणे काळीला क्षणभर टेकवा. दोन्ही कोन, म्हणजे स्पीकरचे हलणारे गोल पडदे, बाहेर यायला हवेत. एक बाहेर आणि एक आत गेला तर कुणीतरी आतून वायर उलटी जोडलीय. दोघे एकमेकांचा खर्ज खाऊन टाकतात. माझ्या मेव्हण्याने अशा स्पीकरपायी सबवूफर विकत घेतला होता.

धागाकर्ता

आभार! रविवार सत्कारणी लागला.

सीडीवर ‘स’ एकदम साफ. म्हणजे खर्ज यांचा अंदाज बरोबर. वायरी बदलल्या तरी फरफर उजव्याच खोक्यात. सेल लावल्यावर दोन्ही कोन बाहेर आले, ते ठीक. पण जाळी काढली तर उजव्या वूफरच्या काठाला जो फोमचा गोल असतो, त्याचा निम्मा भाग नाहीच. उरलेल्याला बोट लावलं तर काळा चिकट भुगा हाताला आला. डावा दिसायला धड, पण नखाने दाबलं तर खळगा तसाच राहतो. सबंध वूफरच बदलायचे का?

जुनाबाजार

मुळीच नाही. आपल्या दमट हवेत फोम पंधरा-वीस वर्षांत सडतोच, कोन आणि त्याला हलवणारी तारेची कॉइल बहुधा शाबूत असतात. नुसता फोमचा गोल मिळतो. तीन मापं घ्या: पत्र्याच्या चौकटीची बाहेरची, कोनाच्या काठाची, आणि मधल्या फुगवट्याची रुंदी. नुसतं ‘आठ इंची’ सांगून मागवलात तर बसणार नाही.

तुमच्याकडे मंडळांचे डीजे स्पीकर दुरुस्त करणारे असतील. गणपती उठलेत, नवरात्र बसायच्या आत गाठा, नंतर तो तुमच्या खोक्याकडे ढुंकून बघणार नाही. पण त्याला बजावून सांगा: कोन बदलायचा नाही, कापडी घडीची किनार लावायची नाही. त्याच्या हाताला त्याचीच सवय असते, मंडपात ती दणकट म्हणून चांगली. घरच्या स्पीकरला ती कडक पडते, कोन मोकळा हलत नाही आणि डग्गा पुन्हा गायब होतो. चिकटवताना कॉइल बरोबर मध्यावर राहिली पाहिजे. सुकल्यावर दोन्ही अंगठ्यांनी कोन हलका दाबा, घासल्याचा आवाज आला तर पैसे देऊ नका. आणि दोन्ही वूफर एकदमच करा. जोडीतला एक नवा आणि एक जुना असं ठेवलं तर दोघांचे आवाज जुळत नाहीत.

एवढं झालं की माझा स्पीकर बदलण्याचा सल्ला मी मागे घेतो.

ढोलकी

अ‍ॅम्पबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. तो सध्या राहू द्या. ११ बाय १३च्या खोलीला २५ वॉट पुष्कळ झाले. ८८ डेसिबल संवेदनक्षमतेचा स्पीकर धरला तर एका वॉटला एक मीटरवर ८८, पंचवीसला साधारण १०२. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे खाली येतील. वॉट दुप्पट केले तरी वाढतात फक्त ३ डेसिबल. आवाजाची कळ फिरवताना खरखर होत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि कळ वीसेक वेळा इकडून तिकडे फिरवा. उघडण्याआधी प्लग काढून तासभर थांबा, आतले कपॅसिटर वीज धरून बसतात.

आणि ते स्पीकर शोकेसमधून बाहेर काढा हो. लाकडी कपाट स्वतःच गुणगुणतं.

धागाकर्ता

बाहेर काढायला आईचा विरोध होता, येता-जाता पायात येतील म्हणून. शेवटी ओट्याचे उरलेले कडप्प्याचे दोन तुकडे विटांवर ठेवले आणि स्पीकर भिंतीपासून दीड फूट पुढे आणले. फोम बसून आलेत. दोन्हींचे मिळून बाराशे घेतले. आमच्या माणसाने कापडाचा विषय काढलाच, जुनाबाजार यांची आठवण ठेवून नाही म्हटलं. डग्गा आला! मींड घेतल्यावर तो जो आत ओढल्यासारखा ‘घुंऽऽ’ होतो, तो मी या घरात लहानपणी ऐकला होता.

आता पिन. हेडशेल सुटं आहे, स्क्रू अर्ध्या इंचावर. काढायला गेलो तर त्याच्या डोक्यावर चिकटपट्टीखाली काय निघालं असेल? स्टीलचे चार आणे! आई म्हणते बाबांनीच लावलेत, रेकॉर्ड उड्या मारायची म्हणून. २०११ साली सरकारने चार आणे चलनातून काढले, आमच्या टर्नटेबलवर मात्र आजपर्यंत चालू होते.

खर्ज

सापडला चोर. वजन करा. शेजारी सराफ असेल तर त्याचा खिशातला डिजिटल काटा तासभर मागून आणा. पिन रेकॉर्डच्या उंचीलाच काट्यावर टेकली पाहिजे, काटा जाड असेल तर रेकॉर्ड काढून ठेवा. आणि काट्याचं ताट लोखंडी असेल तर कार्ट्रिजमधलं चुंबक त्याला ओढून खोटा आकडा दाखवतं. वर प्लास्टिकचं काहीतरी ठेवून आकडा शून्य करून घ्या.

धागाकर्ता

सराफाने आधी विचारलं, “कुठला दागिना?” काटा दिला.

नाण्यासकट ४.७ ग्रॅम. नाणं एकटं २.८. म्हणजे टर्नटेबलच्या हाताची मूळ मांडणी १.९ची होती आणि वरून चार आण्यांनी दाबलं जात होतं. कार्ट्रिजचं पोट रेकॉर्डला जवळजवळ टेकलेलं, पिनेची दांडी वर दबून आत गेलेली.

खर्ज

एवढ्या वजनाखाली पिनेचं आयुष्य किती उरणार? नवीन व्हीएम९५ई घ्या आणि काटा २ ग्रॅमवर आणा, त्याला १.८ ते २.२ चालतात. खेदाची गोष्ट अशी की ज्या रेकॉर्डी नाण्याखाली फार वाजल्यात, त्यांची खाच आतून खरवडली गेली असेल. ती चरचर नव्या पिनेनेही जायची नाही. बाबांच्या आवडत्या कोणत्या ते तुम्हाला ऐकूनच कळेल.

उड्या का मारत होत्या हाही प्रश्न उरतोच. शोकेस हलत असणार. टर्नटेबल भिंतीतल्या ब्रॅकेटवर न्या.

आणि एक विचारायचं राहिलं, बाबांच्या खोक्यात ७८च्या तबकड्या आहेत का? असतील तर या पिनेने वाजवू नका, त्यांची खाच रुंद असते, वेगळी पिन लागते. अल्कोहोलने पुसूही नका, लाखेच्या असतात, विरघळतील.

धागाकर्ता

७८च्या चारच आहेत, कपाटातच ठेवल्या. ब्रॅकेट ठोकलं, नवी पिन बसवली, २ ग्रॅम मोजून घेतले. काल रात्री तीन रेकॉर्डी वाजल्या. ‘स’ मऊ झालाय. चौथी, बाबांची रोजची, तिच्यात चरचर आहे तशीच आहे. खर्ज, तुम्ही म्हणालात तसंच.

नवीनच प्रश्न: आई ऐकता ऐकता म्हणाली, सूर उतरलेला आहे. मला काही कळेना. तिने त्याच बुवांची सीडी लावायला सांगितली, त्यावर कोपऱ्यातला तंबोरा जुळवला, मग रेकॉर्ड. खरंच जरा खाली. हे पिनेमुळे होतं का?

मीठभाकर

पिनेमुळे नाही, वेगामुळे. १९८६चा बेल्ट ढिला झालाय, किंवा मोटरचं तेल सुकलंय. रेकॉर्डच्या काठाला कागदाचा कपटा लावा आणि फेरे मोजा. ३३⅓ म्हणजे तीन मिनिटांत बरोबर शंभर. रेकॉर्डवर पिन टेकलेली असताना मोजा, मोकळी थाळी जरा जास्त पळते.

धागाकर्ता

दोनदा मोजले. शंभर फेऱ्यांना १८४ सेकंद. दोन टक्क्यांहून थोडं जास्त मागे. आईला आकडा सांगितला तर म्हणाली, “मोजायचं काय त्यात?”

बेल्ट मागवलाय, पंधरा दिवस लागतील म्हणतात. आतापर्यंतचा सगळा खर्च वीस हजारांच्या निम्म्यावरही गेला नाही, त्यामुळे अ‍ॅम्प आणि स्पीकर पुढच्या दिवाळीलाही जागेवरच राहतील असं दिसतंय. बेल्ट येईपर्यंत आईने तंबोरा थोडा उतरवून घेतलाय आणि रेकॉर्डबरोबर छेडत बसते.