तोटा आज लिहायचा, नफा मात्र विकल्यावर: हे कसलं ऑडिट?

घाटंजीकर:
आमच्या शेतकरी कंपनीच्या गोदामात 31 मार्चला 600 क्विंटल सोयाबीन आणि 200 क्विंटल तूर होती. सोयाबीन क्विंटलला 4,800 नं घेतलेलं. अडत, हमाली, भाडं जाऊन हाती 4,300 च आले असते. सीएंनी 3 लाख तोटा लिहून टाकला. तूर घेतली 8,500 नं, खर्च जाऊन 10,000 सुटत होते. म्हणजे तिथं 3 लाखच फायदा, पण तो वहीत नाही! वजाबेरीज शून्य असताना कंपनी तोट्यात. आमसभेत काय सांगू? सावधगिरीच्या नावाखाली हा एकतर्फी कद्रूपणा आहे.

खतावणी:
सीए बरोबर आहेत. लेखा मानक 2 प्रमाणे साठ्याचा खरेदी खर्च किंवा विकून निव्वळ सुटणारी रक्कम, यातलं जे कमी ते धरायचं, आणि तेही साधारणपणे जिन्नसवार. तुरीचा फायदा सोयाबीनच्या खड्ड्यात टाकता येत नाही.

कास्तकार:
मले सीए लोकायचे कायदे समजत नाही, पन कापूस समजते. 2022 मध्ये दहा हजाराच्या वर गेलता. पुढच्या हंगामात अर्ध्या गावानं तोच भाव डोक्यात धरून घरात भरून ठेवला. एकानं तर त्याच हिशेबानं पोरीचं लग्न काढलं. भाव आठच्या खाली आला, अन् घरभर खाज सुटली ते वेगळंच. तुमची तूर अजून गोदामातच हाये न भाऊ? मंग फायदा कशाचा?

घाटंजीकर:
लाभांश वाटा असं मी म्हणतच नाही. पण पुढच्या वर्षी तूर विकली की नफा फुगलेला दिसेल आणि टाळ्या नवं संचालक मंडळ घेईल. शिवाय बँक हाच ताळेबंद बघते.

खतावणी:
बँक तुमच्यापेक्षा घाबरट. ड्रॉइंग पॉवर, म्हणजे मालाच्या तारणावर किती रक्कम उचलू द्यायची ती मर्यादा, काढताना तीही साधारणपणे खरेदी की बाजारभाव, कमी तेच धरते, वर मार्जिन म्हणून काही हिस्सा कापते.

ताळेबंद:
घाटंजीकरांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. आंतरराष्ट्रीय लेखा मानक मंडळानं 2010 मध्ये आपल्या संकल्पनात्मक चौकटीतून (मानकांमागची मूळ तत्त्वं) सावधगिरी काढूनच टाकली होती, निःपक्षपातीपणाशी ती जुळत नाही म्हणून. 2018 मध्ये परत आणली, पण अनिश्चितता असताना जपून ठरवा, एवढ्याच अर्थानं. मालमत्ता मुद्दाम कमी दाखवायची मुभा त्यात नाही. गंमत म्हणजे साठ्याचा नियम त्यांच्याकडंही हाच आहे. तुमच्या सीएंनी चोरवाटेनं काही दडवलेलं नाही. दडवलं असतं, म्हणजे वसूल होणारी चांगली उधारीही बुडेल असं धरून उगाच तरतूद केली असती, तर मी तुमच्या बाजूनं भांडलो असतो.

घाटंजीकर:
ठीक. मग आमसभेच्या अहवालात तुरीचा 31 मार्चचा बाजारभाव वेगळा छापतो. सभासदांना कळू दे, गोदामात काय पडलंय ते. तोट्याचा आकडा मात्र मला अजून पटलेला नाही.

कास्तकार:
छापा, काहून नाही. पन आधी तूर विका. काल यार्डात दोनशेनं उतरली.